फ्री बेसिक्स आणि ट्रायची दरभेदबंदी : एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

८ फेब्रुवारी २०१६ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक छोटा नियम जारी केला. ग्राहक इंटरनेटवर काय पाहतो त्यावरून मोबाइल कंपनीने डेटाचा दर कमीजास्त करायचा नाही, हा त्याचा गाभा. तीनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने निवडक संकेतस्थळे फुकट देणारी भारतातली ‘फ्री बेसिक्स’ सेवा गुंडाळली.

लोकांनी लाखो ईमेल पाठवले आणि इंटरनेट वाचले, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. ईमेल दोन्ही बाजूंनी गेले होते, आणि शेवटच्या फेरीत फ्री बेसिक्सच्या बाजूचे ढीगभर जास्त होते. नुसत्या मोजदादीवर निकाल लागला असता तर तो उलटा लागला असता. ट्रायने प्रश्न कसा विचारला आणि कोणाचे उत्तर त्या प्रश्नाला धरून होते, यावर हे प्रकरण फिरले. नियामकापुढे बाजू मांडू इच्छिणाऱ्या कोणालाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून ते सविस्तर पाहू.

वाद कुठून सुरू झाला

डिसेंबर २०१४ च्या अखेरीस एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला : थ्रीजीवर दर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० पैसे. आकडा किरकोळ वाटतो, पण गुणाकार करून पाहावा. एका एमबीत १० केबीचे सुमारे १०२ तुकडे होतात. म्हणजे थ्रीजीवर एका एमबीला चार रुपयांच्या वर, टूजीवर दहा रुपयांच्या वर. साध्या आवाजी कॉलला मिनिटाला अर्धा एमबी लागतो असे धरले, तरी थ्रीजीवर मिनिटाला दोन रुपये झाले. इतक्या पैशांत नेहमीचा फोन स्वस्त पडायचा, आणि कंपनीला नेमके तेच हवे होते. इंटरनेट कॉलमुळे आवाजी कॉलचे उत्पन्न घटत होते. ओरड झाल्यावर, ट्राय या विषयावर चर्चापत्र (लोकांची मते मागवणारा दस्तऐवज) काढणार असल्याचे कारण देऊन कंपनीने काही दिवसांतच हा दर मागे घेतला.

ते चर्चापत्र २७ मार्च २०१५ ला आले. ११८ पाने, २० प्रश्न, आणि विषय ‘ओव्हर द टॉप’ सेवांचे, म्हणजे कंपन्यांच्या जाळ्यावर इंटरनेटमधून चालणाऱ्या ॲप-सेवांचे, नियमन. पत्राचा रोख कंपन्यांच्या तक्रारीकडे झुकलेला होता : आम्ही टॉवर उभारायचे, स्पेक्ट्रमचे पैसे भरायचे आणि त्यावर व्हॉट्सॲप-स्काइपने धंदा करायचा का? सुरक्षा, परवाने, महसूल, दर, वाहतुकीचे नियोजन असे सगळे एकाच गाठोड्यात बांधले होते. सर्वसामान्य माणसाला त्यातून आपल्या कामाचा प्रश्न शोधून काढणे अवघडच होते.

दरम्यान बाजार थांबला नव्हता. फेसबुकने १० फेब्रुवारी २०१५ ला रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू केले. महाराष्ट्र त्यात पहिल्या फेरीपासून होता. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे, असा तो प्रकार. ६ एप्रिलला एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ आणले. त्यात ॲपची कंपनी डेटाचे पैसे भरणार आणि ग्राहकाला ते ॲप फुकट मिळणार होते. फ्लिपकार्ट त्यात जाणार अशी बातमी फुटली, लोकांनी ॲप काढून टाकायला आणि ॲप स्टोअरवर त्याला एकच तारा द्यायला सुरुवात केली, आणि १४ एप्रिलला फ्लिपकार्टने अंग काढून घेतले. क्लियरट्रिपसारखे काही भागीदार इंटरनेट डॉट ऑर्गमधूनही बाहेर पडले.

‘सेव्ह द इंटरनेट’ हा स्वयंसेवकांचा गट याच महिन्यात उभा राहिला. ‘मीडियानामा’ या बातम्यांच्या संकेतस्थळाचे निखिल पाहवा त्यातले ठळक नाव. गटाने केलेले सर्वांत उपयोगी काम फारसे कोणाच्या नजरेत भरत नाही : त्यांनी ११८ पाने वाचून २० प्रश्न सोप्या भाषेत उतरवले आणि प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर जोडले. वाचा, हवे तर बदला, पाठवा. विनोदी मंडळी ‘एआयबी’च्या व्हिडिओने त्याला गती दिली आणि ईमेलची संख्या दहा लाखांपलीकडे गेली. २७ एप्रिलला ट्रायने आलेल्या सूचना जाहीर केल्या, त्या लोकांच्या ईमेल पत्त्यांसकट. नागरिकाने सरकारला कळवलेले मत जाहीर व्हायला हरकत नाही, पण दहा लाख पत्ते जाहिरातवाल्यांच्या हाती देणे हा निष्काळजीपणा होता. ज्यांनी पहिल्यांदाच नियामकाला काही लिहिले, त्यांना ही शिक्षा मिळायला नको होती.

संसदेत हा विषय पक्षाच्या रेषेत अडकला नाही. राहुल गांधींनी २२ एप्रिलला लोकसभेत तो मांडला. दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांनी भेदभाव नसलेल्या इंटरनेटच्या बाजूने उत्तर दिले. बिजू जनता दलाचे तथागत सत्पथी आणि अपक्ष खासदार राजीव चंद्रशेखर आधीपासून आग्रही होते. ज्या प्रश्नावर कोणाचीच मतपेढी ठरलेली नाही, तिथे असे घडू शकते.

फुकट म्हणजे नेमके काय

दरभेदाची गंमत तांत्रिक बाजू पाहिल्याशिवाय कळत नाही. मोबाइलमधून निघालेला प्रत्येक बाइट कंपनीच्या गेटवेतून, म्हणजे तिच्या जाळ्याच्या दारातून, जातो आणि तिथे त्याची नोंद होते. एखादी सेवा फुकट करायची, तर गेटवेला तिची वाहतूक ओळखता आली पाहिजे. ती ओळख एकतर सर्व्हरच्या पत्त्यांच्या यादीवरून पटते, नाहीतर जोडणी होताना फोन सर्व्हरचे जे नाव उच्चारतो त्यावरून. ओळख पटली की तो बाइट शून्य दराच्या खात्यात पडतो, नाही पटली तर ग्राहकाच्या शिल्लकीतून जातो.

घोळ इथेच होतो. आजची बहुतेक ॲप एकाच पत्त्यावरून चालत नाहीत. चित्रे एका जाळ्यावरून येतात, नकाशा दुसऱ्याकडून, पैसे भरण्याचे पान तिसऱ्याचे. यादीत फक्त मुख्य पत्ता असेल तर ‘फुकट’ ॲप वापरतानाही शिल्लक हळूहळू गळत राहते, आणि ग्राहकाला कारण कळत नाही. उलट बाजूने, यादीतल्या नावाचा मुखवटा चढवून भलतीच वाहतूक फुकट नेणारेही निघतात. मग कंपनी आणखी खोलात जाऊन वाहतूक तपासू लागते. म्हणजे दरभेद टिकवायचा तर पाळत वाढवावी लागते. हा दोष अंमलबजावणीतल्या ढिलाईचा नाही, रचनेतच आहे.

फ्री बेसिक्सने (इंटरनेट डॉट ऑर्गचे सप्टेंबर २०१५ मध्ये झालेले नवे नाव) वेगळा मार्ग काढला. सगळी वाहतूक फेसबुकच्या मध्यस्थ सर्व्हरमधून वळवली, म्हणजे मोबाइल कंपनीला फक्त त्या सर्व्हरचे पत्ते शून्य दरात टाकायचे. सोपे झाले, पण कोण कोणत्या संकेतस्थळावर कधी गेले हे एकाच कंपनीच्या डोळ्यांखालून जाऊ लागले. मे २०१५ मध्ये इतरांना प्रवेश खुला झाला, तोही अटींवर : व्हिडिओ नको, इंटरनेट कॉल नको, जावास्क्रिप्ट नको, पान हलके हवे. साध्या फोनवर आणि टूजीवर चालण्यासाठी अशा अटी लागतात हे खरे. पण अट घालणारी आणि अर्ज तपासणारी संस्था एक खासगी कंपनी होती, आणि तिचे स्वतःचे सोशल नेटवर्क त्या यादीत होते.

मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५ च्या शेवटी टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेल्या लेखात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले होते : त्याने फ्री बेसिक्सवर हवामान पाहिले, बाजारभाव पाहिले, आणि त्याचे भले झाले. उदाहरण खोटे मानायचे कारण नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या हातातला पडदा बघा. हवामानाचे पान यादीत आहे, ते उघडते. त्यातल्या बातमीत बाजार समितीच्या पानाचा दुवा आहे, ते पान यादीत नाही. दुवा दाबला की सूचना येते : इथून पुढे डेटाचे पैसे लागतील. खिशात पॅक नाही, तो मागे फिरतो. कांद्याचा भाव त्याला यादीतले पान सांगेल तेवढाच कळणार. शेजारच्या तालुक्यातल्या कोणी त्याहून चांगले भावाचे पान काढले, तरी त्याच्या लेखी ते पान जगात नाही. आणि ते पान काढणाऱ्याला, आपल्याकडे कोणी का येत नाही, हे कधीच समजणार नाही.

प्रश्न बदलला

ऑगस्ट २०१५ मध्ये आर. एस. शर्मा ट्रायचे अध्यक्ष झाले. त्याआधी जुलैत दूरसंचार विभागाच्या समितीने अहवाल दिला होता आणि दराबाबत प्रत्येक पॅक तत्त्वांच्या कसोटीवर तपासून पाहण्याची वाट सुचवली होती. देशांतर्गत इंटरनेट कॉलवर परवान्याचे बंधन घालावे असेही त्यात होते. धुरळा पुन्हा उडाला.

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने नवे चर्चापत्र काढले, आणि आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. २० प्रश्नांच्या जागी ४ आले. वेगवेगळी संकेतस्थळे वा ॲप यांच्यासाठी डेटाचा वेगवेगळा दर लावू द्यावा का? द्यावा, तर भेदभाव होऊ नये, स्पर्धा आणि नवे उद्योग मरू नयेत यासाठी काय करावे? दरभेदाशिवाय लोकांना फुकट इंटरनेट देण्याचे दुसरे मार्ग आहेत का? आणि आणखी काही सांगायचे आहे का?

अडवणूक, वेग कमी करणे, सुरक्षा हे सगळे मुद्दे बाजूला ठेवले. कारण सरळ होते : १९९७ च्या ट्राय कायद्यातील कलम ११ नुसार दर ठरवण्याचा अधिकार ट्रायच्या स्वतःच्या हातात आहे, त्यासाठी सरकारकडे शिफारस पाठवून वाट बघावी लागत नाही. परवान्याच्या अटी बदलायच्या तर मात्र दूरसंचार विभागाकडे जावे लागते. जे स्वतः करता येते तेवढेच आधी हाती घेतले, म्हणून दोन महिन्यांत नियम निघाला.

चर्चापत्रात कोणत्याही सेवेचे नाव नव्हते, तरी निशाणा सगळ्यांना कळला. चर्चा चालू असेपर्यंत ट्रायने रिलायन्स कम्युनिकेशन्सला फ्री बेसिक्स थांबवायला सांगितले. फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, होर्डिंग लावले आणि आपल्या वापरकर्त्यांसमोर एक कळ ठेवली. ती दाबली की ट्रायला तयार ईमेल जाई : माझा डिजिटल समतेला पाठिंबा आहे, फ्री बेसिक्स चालू ठेवा.

मुदत ३० डिसेंबरवरून ७ जानेवारीपर्यंत वाढवण्यात आली. ट्रायकडे सुमारे २४ लाख सूचना आल्या. त्यांतल्या १८.९४ लाख फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याच्या साचेबंद ईमेल होत्या : ५.४४ लाख फेसबुकमेल डॉट कॉमवरून, १३.५ लाख सपोर्टफ्रीबेसिक्स डॉट इनवरून. आणि इथे गफलत उघडी पडली. ट्रायने विचारले होते, दरभेद चालू द्यावा का आणि कोणत्या अटींवर. ईमेल म्हणत होती, अमुक सेवा आवडते. चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते. ट्रायने या लोकांना नेमक्या प्रश्नांची उत्तरे द्या असे कळवले, फेसबुकलाही तो निरोप पोचवायला सांगितले. जानेवारीत फेसबुकला पाठवलेल्या पत्रात ट्रायने स्पष्ट ठणकावले, की माहितीपूर्ण निर्णयासाठीची ही प्रक्रिया बहुमताच्या घडवून आणलेल्या चाचणीत बदलण्याचा हा प्रकार आहे.

इथे न्यायाने एक सांगायला हवे. एप्रिल २०१५ मधल्या दहा लाख ईमेलही साच्यातूनच निघाल्या होत्या. साचा वापरणे हा गुन्हा नाही. बहुतेक नागरिकांना कायदेशीर मसुदा लिहायला वेळ नसतो. दोन साच्यांमधला फरक असा, की पहिल्यात प्रश्नाचा क्रमांक आणि त्याखाली कारण होते, दुसऱ्यात नव्हते. अधिकाऱ्याला टिपण लिहिताना पहिल्यातून काहीतरी उचलता येते. दुसऱ्यातून फक्त आकडा उचलता येतो, आणि आकड्याला नियमात जागा नसते.

तिसऱ्या प्रश्नाने तर विरोधकांना मोठी संधी दिली. नुसते ‘नको’ म्हणून भागले नसते, कारण समोरचा म्हणत होता की गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे तरी मिळू दे. त्या प्रश्नाखाली पर्याय मांडता आले : ठरावीक एमबी फुकट द्या, ग्राहक ते कशालाही वापरो. बांगलादेशात मोझिला आणि ग्रामीणफोन एक छोटी जाहिरात पाहण्याच्या बदल्यात रोज २० एमबी देत होते. नंदन नीलेकणी यांनी डेटासाठी थेट अनुदानाची कल्पना मांडली.

नियम काय म्हणतो

नियमाचे मुख्य कलम एका वाक्याचे आहे : कोणत्याही सेवादात्याने मजकुराच्या आधारे डेटासेवेचा भेदभावपूर्ण दर देऊ वा आकारू नये. त्याला जोडून, असा परिणाम घडवणारा करार कोणाशीही करू नये. हे दुसरे वाक्य नसते, तर एअरटेल झीरोसारखी योजना ‘पैसे ॲपवाला भरतो, आम्ही दर बदललाच नाही’ म्हणत सुटली असती.

अपवाद दोन. आणीबाणीच्या सेवा किंवा मोठे सार्वजनिक संकट असेल तर दर कमी करता येतो, पण ७ कामकाजी दिवसांत ट्रायला कळवावे लागते. दुसरा अपवाद बंद जाळ्याचा, म्हणजे इंटरनेटला न जोडता कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातच फिरणाऱ्या डेटाचा, अर्थात नियमाला बगल देण्यासाठी ते जाळे उभारलेले नसेल तरच. उल्लंघनाला दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख. आधी विकलेले पॅक संपेपर्यंत चालू द्यायचे, पण सहा महिन्यांच्या पुढे नाही.

दंडाची कमाल मर्यादा मोठ्या कंपनीसाठी फुटकळ आहे, यात शंका नाही. नियमाचा खरा दरारा त्यातल्या स्पष्टतेत होता. ट्रायपुढे दोन वाटा होत्या : सरसकट बंदी, किंवा प्रत्येक पॅक तपासून निकाल. दुसरी वाट सुसंस्कृत दिसते, पण भारतात ती चालली नसती. कंपन्या नवा दर लागू झाल्यावर ७ कामकाजी दिवसांत ट्रायला कळवतात, म्हणजे तपास कायम मागून येणार. तोवर लाखो ग्राहक पॅकला सरावलेले असणार, आणि हानी सिद्ध करण्याचे ओझे ज्याचे पान कोणी उघडत नाही त्या छोट्या माणसावर पडणार. ट्रायने स्पष्टीकरणाच्या टिपणात हे ओळखले आहे. देशातली बहुसंख्य माणसे तेव्हा इंटरनेटवर यायची होती, त्यांचा पहिला अनुभवच कंपनीने घडवला तर तो पुढे बदलणे कठीण, हा त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा. रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सांगणाऱ्या १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्याचा आधारही घेतला आहे.

एखादा पॅक नियमात बसतो का, हे पाहायला एकच प्रश्न पुरतो : ग्राहकाने आज वापरलेले संकेतस्थळ बदलून दुसरे वापरले असते, तर बिल बदलले असते का? रात्री स्वस्त डेटा : बदलत नाही, चालेल. कमी वेगाचा फुकट डेटा, पण सगळ्यासाठी : चालेल. फक्त व्हॉट्सॲप चालणारा पॅक : बदलते, चालणार नाही. रिचार्जसोबत एखाद्या चित्रपट-ॲपचे सदस्यत्व : सदस्यत्व वेगळे, पण ते पाहताना डेटा नेहमीच्या कोट्यातून कापला जात असेल तर नियम मोडत नाही, कापला जात नसेल तर मोडतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओने सुरू केलेला फुकट डेटाही या कसोटीवर पास होतो. त्याने स्पर्धकांचे कंबरडे मोडले का, हा स्पर्धा कायद्याचा प्रश्न आहे. मजकुराच्या समतेचा नाही. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्ही तक्रारी कमकुवत होतात.

जे बाहेर राहिले

२०१६ चा नियम फक्त दराचा. अडवणे, वेग पाडणे, पैसे घेऊन कोणाला पुढे काढणे यांवर ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ ला शिफारशी दिल्या आणि दूरसंचार विभागाने ३१ जुलै २०१८ ला त्या मान्य करून परवान्यात अटी घालायचे ठरवले. त्यात ‘विशेष सेवां’ना सूट आहे. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या गोष्टींना ती हवीच, पण फाइव्ह जीत जाळ्याचे वेगवेगळे काप विकता येऊ लागल्यावर नेहमीची सेवा ‘विशेष’ नावाखाली सरकवण्याचा मोह होणार. आणि वेग पाडला हे पकडायचे तर मोजमाप लागते : एकच फाइल, एकाच वेळी, थेट आणि व्हीपीएनमधून (वाहतूक कोणाची हे कंपनीपासून झाकणारी जोडणी), वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या भागांत. बिलावर दिसणारा दरभेद कोणीही पकडतो. वेगातला भेद दिसतच नाही.

आजचा मुख्य दबाव तिसऱ्या बाजूने येतो आहे. मोबाइल कंपन्यांची संघटना म्हणते, प्रचंड वाहतूक निर्माण करणाऱ्या व्हिडिओ कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा. यात ग्राहकाचा दर बदलत नाही, त्यामुळे २०१६ चे कलम त्याला थेट लागू होत नाही. दक्षिण कोरियात पाठवणाऱ्याच्या जाळ्याने पैसे भरण्याची पद्धत रूढ झाली. तिथे थेट व्हिडिओ प्रक्षेपणाची सेवा असलेल्या ट्विचने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिडिओचा दर्जा ७२० पिक्सेलवर आणला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, जाळ्याच्या अवाढव्य शुल्काचे कारण देऊन, देशातला व्यवसाय बंद केला. ग्राहकाने डेटाचे पैसे आधीच मोजलेले असतात. तोच बाइट दुसऱ्या टोकाला पुन्हा विकता आला, तर न देणाऱ्याचा बाइट मागे ठेवण्याचे कारण कंपनीला आपोआप मिळते.

या विषयावर पुढचे चर्चापत्र येईल तेव्हा उत्तर लिहिणाऱ्याने प्रश्नाचा क्रमांक घालावा, त्याखाली कोणत्या कलमाने ट्रायला अधिकार आहे ते लिहावे, आणि ‘वाटा’ मागणाऱ्यांना विचारावे, की तो न देणाऱ्याचा बाइट कोणत्या वेगाने जाणार.